टिटवीची लंगडी

टिटवीत त्या दुपारी माणसं चार होती, खुर्च्या सहा, पंखांवर विजेच्या मोटारी चार, पोटात बॅटऱ्यांचे संच आठ, मागच्या कप्प्यात आंबेखोलच्या दवाखान्यासाठी निघालेल्या लशींच्या पेट्या अकरा आणि चहाचा थर्मास एक, तोही अर्धा रिकामा. विमानाला पाय तीन होते: एक नाकाखाली, एक डाव्या पंखाखाली, एक उजव्या. समोर समुद्र दिसायला लागला होता, खाली आंबेखोलच्या सड्यावरची, त्या उघड्या कातळपठारावरची, धावपट्टी काळ्या फितीसारखी पसरली होती, आणि तीनपैकी दोनच पाय पुरते उघडले होते.

"डावा अर्ध्यावर थांबलाय," कॅप्टन तुस्कानो म्हणाले. शेजारच्याच्या फाटकाची कडी गंजल्याचं सांगावं, तसा त्यांचा सूर होता. रेमंड तुस्कानो वसईचे. आयुष्यभर लहान विमानं उडवून ते निवृत्त झाले आणि केळीच्या बागेत दोन महिने काढल्यावर बायकोनेच हात जोडून त्यांना पुन्हा आकाशात पाठवलं, असं ते स्वतःच सांगत.

त्यांच्या मागे बसलेल्या शाल्मली गवाणकरने मात्र लगेच काचपाटी मांडीवर ओढली. तो पाय गेल्याच आठवड्यात तिने बसवून घेतला होता. आधीच्या पायात केसाएवढी चीर सापडली, म्हणून त्याच ओतकामातला दुसरा पाय तिने प्रयोगशाळेतून काढून आणला होता. धातुशास्त्राची पदवी घेऊन लोहित संशोधिका या धातुसंशोधन संस्थेत आल्यापासून टिटवीचे पाय ही तिची जबाबदारी होती. शेजारच्या खुर्चीत तिच्या प्रमुख, डॉ. सुहासिनी मिरीकर, बसल्या होत्या. पुढे कॅप्टनच्या बाजूला होते विमान तपासणीचे निरीक्षक वामन केंकरे. आजचं उतरणं त्यांना पसंत पडलं, तर टिटवी कोकणातल्या छोट्या छोट्या धावपट्ट्यांवर रोज औषधं आणि माणसं घेऊन जायला मोकळी होणार होती.

कॅप्टननी सड्यावर एक घिरटी घातली, तिन्ही पाय मिटले आणि पुन्हा उघडले. डावा सदुसष्ट अंशांवर थांबला. आणखी एक घिरटी, पुन्हा सदुसष्ट. तिसऱ्यांदाही आकडा तोच. शाल्मलीच्या मांडीवरच्या काचपाटीवर तिन्ही वेळचे आकडे एकाखाली एक उमटले होते. बिघाड असा दर वेळी एकाच जागी येऊन थांबत नाही, असं तिला वाटून गेलं, पण ते ऐकायला आत्ता कुणाला सवड नव्हती.

केंकरेंनी विचारलं, तिन्ही पाय मिटून विमान पोटावरच टेकवलं तर? कॅप्टननी मान हलवली. पोटात बॅटऱ्या आणि खाली जांभा दगड. घासलं तर चूल पेटेल, ते म्हणाले. परत फिरायचं म्हटलं तर घाट चढून जाण्याइतकी वीज उरलेली नव्हती. सड्यावर आणखी अर्धा तास फिरता आलं असतं, फार तर. त्यानंतर टिटवी आपणहून खाली आली असती.

"मला एकदा नीट सांगा," केंकरे मागे वळून म्हणाले. "हा पाय उघडतो कसा? कागदावर वाचलंय मी, पण कागदावर तो उघडतो."

मिरीकर मॅडमनी चष्मा सारखा केला. वर्ग असो की विमान, प्रश्न आला की त्यांना हुरूप येई. टिटवीच्या पायात तेलाचा दाब नाही, दांडे नाहीत, खिट्ट्या नाहीत, असं त्यांनी सुरू केलं. आहे तो नुसता धातू. त्याला त्या स्मृतिधातू म्हणत. भट्टीत त्याला एकशे बारा अंशांच्या कोनात घडवलं होतं. गार असला की तो मऊ पडतो, मग दोरखंडाने ओढून पोटाशी मिटता येतो. आत विणलेल्या तापनजाळीने त्याला ऐंशी अंशांपर्यंत तापवलं, की मूळ आकार आठवून तो आपला आपण उघडतो, आणि गरम आहे तोवर पोलादासारखा ताठ राहतो. तीनशे सुटे भाग वाचतात, वजन निम्म्यावर येतं.

"मग उजव्याला आठवलं आणि डाव्याला का नाही?"

"डावा विसरला असेल," कॅप्टन म्हणाले.

"धातू विसरत नाही हो. तीच पंचाईत आहे. तो नवीन शिकतो." मॅडमनी डावा हात पुढे करून कोपरात वाकवला आणि उजव्या हाताने मनगट धरून ठेवलं. "हा उघडू बघतोय आणि मी याला इथे अडवलंय. गरम असताना असं पुन्हा पुन्हा अडवलं, की त्या तापमानाला इथेच थांबायचं असतं, असं तो समजून चालतो. अडवणारा भार हलका असेल तर शेकडो वेळा अडवावं लागतं. भार जबर असेल तर एकच धडा पुरतो."

"पण याला अडवलं कुणी?" केंकरे म्हणाले.

शाल्मली पायाशी असलेल्या काचेतून खाली बघत होती. पंखाखालून निघालेला तो पाय गुडघ्यात वाकून पुढे झाला होता. टोकाचं चाक आडवं, थाळीसारखं, अदबीने समोर धरलेलं. ही लकब तिच्या ओळखीची होती.

"मॅडम," ती म्हणाली, "हा सत्कार करतोय."

 मग मिरीकर मॅडमनी खाली वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

केंकरेंना सगळं सांगावं लागलं. संशोधिकेत पाहुण्यांची रीघ असे. मंत्री, कुलगुरू, देणगीदार, शाळांच्या सहली घेऊन येणारे मुख्याध्यापक. आलेल्या प्रत्येकाचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार व्हायचाच. मॅडमच्या डोक्यातून एक कल्पना निघाली: सत्कार माणसाने कशाला करायचा, स्मृतिधातूच करील. एक जास्तीचा पाय लाकडी घोडीवर उलटा बसवला, टोकाला थाळी लावली, थाळीत घडी घातलेली शाल आणि वर नारळ. कळ दाबली, की पाय सावकाश उघडत जाऊन पाहुण्यासमोर नारळ धरी. टाळ्या हमखास. पहिल्याच कार्यक्रमात पाय पुरता उघडला आणि नारळ एका बँकेच्या अध्यक्षांच्या हनुवटीला लागला, तेव्हापासून हाताच्या उंचीवर एक लाकडी अडसर ठोकण्यात आला. तापमानही ऐंशीच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं, कारण एकदा कुलगुरूंची शाल काठावर करपली होती. असे तीन वर्षांत साडेतीनशेच्या वर सत्कार झाले. त्यातले बरेच शाल्मलीने स्वतः कळ दाबून केले होते. आणि गेल्या आठवड्यात टिटवीसाठी पाय हवा झाला, तेव्हा तोच पाय, थाळी काढून, चाक लावून, डाव्या पंखाखाली गेला.

"माझाही केला होता तुम्ही," केंकरे म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी. नारळ नासका निघाला."

"तरी तुम्ही आज आलात," मॅडम म्हणाल्या.

"पण मग हा हँगरात उघडत कसा होता?" कॅप्टनांचा प्रश्न रास्त होता. "मी स्वतः पाहिलाय."

त्याचं उत्तर शाल्मलीपाशी होतं. हँगरात वारा नसतो. तापनजाळी चालू केली, की पाय ऐंशी ओलांडून थेट एकशे वीसवर जातो. सत्काराची शिकवणी ऐंशीच्या आसपासची होती. त्याच्या कितीतरी वर, एकशे वीसला, भट्टीतली मूळ आठवण अजून शाबूत होती, म्हणून तिथे तो गुमान एकशे बारा अंश उघडायचा. आकाशात मात्र समोरून येणारा वारा त्याला सतत गार करत होता. पाटीवर आकडा दिसत होता: चौऱ्याऐंशी. उजव्याला तेवढं पुरेसं होतं, तो कधी कुणाच्या सत्काराला गेला नव्हता.

"म्हणजे पाय बिघडलेला नाही," केंकरे सावकाश म्हणाले. "फक्त त्याला आणखी तापवायचं. मग तापवा."

"जाळी पूर्ण जोरावर आहे, सर. वारा कमी झाला तरच तापेल. कॅप्टन, आणखी हळू उडता येईल का?"

"याच्याहून हळू गेलो तर आपण विमान राहणार नाही, धोंडा होऊ." तुस्कानोंनी आरशातून मागे पाहिलं. "थर्मासमधला चहा ओतून बघायचा का?"

"तो मघाशीच निवला," मॅडम म्हणाल्या.

शाल्मली हसली नाही. ती पाटीवर बोटाने एक वक्ररेषा काढत होती: खाली वाऱ्याचा वेग, बाजूला पायाचं तापमान. वेग कमी होत जाईल तशी रेषा वर चढत होती. हवेत ती चौऱ्याऐंशीच्या पुढे जाऊच शकत नव्हती, कारण त्याहून कमी वेगाने हवेत राहता येत नव्हतं. पण रेषा तिथे संपत नव्हती. ती तशीच पुढे चढत गेली होती आणि वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या खाली गेला, की एकशे वीसला शिवत होती. आता ताशी सत्तरने हे विमान कुठे असेल, याचं उत्तर एकच होतं.

"हा पाय उतरण्याआधी उघडणारच नाही," ती म्हणाली. "उतरल्यावर उघडेल."

"अहो गवाणकर," केंकरे शांतपणे म्हणाले, "पाय उतरण्यासाठीच लागतो."

"एकावर उतरायचं, सर. उजव्या पायावर. वेग असेपर्यंत पंखांना उचल असते, म्हणजे डावा पंख हवेतच तोलून धरता येईल. धावता धावता वेग कमी होईल, वारा कमी होईल, आणि पाय तापेल."  तिने पाण्याचा घोट घेतला आणि कॅप्टनकडे वळली. "डावा पंख कुठल्या वेगापर्यंत वर धरू शकाल?"

तुस्कानोंनी सुकाणू किंचित हलवून पाहिलं. "पन्नास. त्याच्या खाली तो माझं ऐकणार नाही."

"मग सत्तरच्या खाली आणि पन्नासच्या वर. त्या पट्ट्यात आपल्याला बारा सेकंद राहायचंय."

"लहानपणी लंगडी खेळलीस?"

"मी राज्य आलं की रडायचे."

"मी जिल्ह्यापर्यंत गेलो होतो," कॅप्टन म्हणाले. "साठवर धरून ठेवतो. मोटारी विजेच्या आहेत, सांगितलेला वेग ऐकतात. पट्टे आवळा."

केंकरेंनी पट्टा आवळला. मिरीकर मॅडमनी एका हाताने खुर्ची धरली आणि दुसऱ्या हाताने, बहुधा नकळत, शाल्मलीचं मनगट.

टिटवी समुद्राच्या बाजूने वळून सड्यावर आली. गवत सुकून पिवळं झालं होतं, मध्ये मध्ये काळा कातळ. धावपट्टी आठशे मीटरची, आणि तिच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या, त्यानंतर कडा. उजवं चाक टेकलं तेव्हा इतका हलका आवाज झाला, की केंकरेंना ते कळलंही नाही. विमान एका पायावर धावू लागलं. तुस्कानो सुकाणू किंचित उजवीकडे कलवून डावा पंख वर धरत होते. त्यांचे खांदे जराही हलत नव्हते, फक्त मनगटं आत-बाहेर होत होती. डावा पाय तसाच अर्धा वाकलेला, चाक पुढे धरून, जमिनीपासून हातभर उंचीवर.

शंभर. नव्वद. वेग उतरत गेला. सत्तरच्या खाली आल्यावर कॅप्टननी मोटारींना थोडी वीज दिली आणि काटा साठवर स्थिर झाला. शाल्मली पायाचं तापमान मोठ्याने वाचत होती. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. बारा सेकंद झाले तेव्हा पाय एकशे तीनवर होता आणि कोन सदुसष्ट.

 हिशेब चुकला होता. कुठे, ते तिला लगेच दिसलं, खिडकीबाहेरच दिसलं. पाय तापवायला किती उष्णता लागेल ते तिने काढलं होतं. पायाच्या टोकाला धातूचा आस आणि चाक होतं. ते तिने धरलंच नव्हतं, आणि ते तिथे बसून पायाची उष्णता पीत होतं.

"शाल्मली," कॅप्टन म्हणाले. पुढे दोनशे मीटर धावपट्टी होती.

आणखी दहा सेकंद. साठच्या वेगाने दहा सेकंदांत जवळजवळ एकशे सत्तर मीटर जाणार. मग थांबायला काही उरत नव्हतं. आत्ताच ब्रेक लावला तर डावा पंख खाली येणार, पंखाचं टोक कातळाला लागणार, विमान गर्रकन फिरणार. तिने वक्ररेषेकडे पाहिलं. साठला रेषा बऱ्यापैकी उंच होती, पण पन्नासच्या जवळ ती आणखी उभी चढत होती. वेग कमी केला तर पाय लवकर तापेल आणि जमीनही कमी खर्च होईल. फक्त कॅप्टननी सांगितलेली मर्यादा अगदी नाकाशी येईल.

"साठ नको," ती म्हणाली. "बावन्न करा."

"बावन्नला हा पंख माझ्या हातात जेमतेम राहील."

"हो. बावन्न."

तुस्कानोंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. वीज कमी झाली, मोटारींचा आवाज खाली उतरला. डावा पंख थरथरला आणि एक वीत खाली आला. त्यांनी तो परत वर घेतला. तो पुन्हा खाली आला, या वेळी थोडा जास्त. उजवा पाय सगळं विमान अंगावर घेऊन तिरका धावत होता. त्याची जाळीही पूर्ण जोरावर होती, आणि त्याला बसणारा ताण पाटीवर लाल अक्षरांत चमकत होता. शाल्मलीला तिकडे बघायला वेळ नव्हता. एकशे नऊ. एकशे तेरा. पंख आता वर येईनासा झाला होता. एकशे सतरा.

डाव्या पायाने थाळी पुढे केल्यासारखं धरलेलं चाक हळूच खाली वळवलं. सदुसष्ट, ऐंशी, शंभर. मग खालून एक मऊ धक्का बसला. कलत्या भिंतीला कुणी खांदा द्यावा, तसा तो पाय विमानाखाली शिरला आणि उभा राहिला. डावा पंख वर आला आणि वरच राहिला.

तुस्कानोंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. टिटवी किंचाळत थांबली. नाक करवंदीच्या जाळीत शिरलं होतं आणि पुढच्या काचेवर एक काटेरी फांदी टेकली होती. तिच्यातून एक होला फडफडत उडून गेला.

 मग केंकरेंनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि सांगितलं, की नोकरीत त्यांनी नाना तऱ्हेची उतरणी पाहिली, पण पाय आधी आणि उतरणं नंतर हा क्रम उलटा झालेला पहिल्यांदाच पाहिला. मॅडमनी शाल्मलीचं मनगट सोडलं, त्यावर चार बोटांचे वळ उमटले होते. दवाखान्याचे डॉक्टर स्कूटरवरून आले ते फक्त लशींसाठी. विमान वाकडं का धावलं, असं त्यांनी विचारलं. कॅप्टननी त्यांना सांगितलं, की जिल्ह्यापर्यंत गेलेल्या माणसाला अधूनमधून खेळावंसं वाटतं.

संध्याकाळी सड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये केंकरेंनी आपला निर्णय ऐकवला. टिटवीची परवानगी अडणार नाही. सत्कार देणगीदाराचा असो की मंत्र्याचा, यापुढे संशोधिकेने तो माणसाच्या हातूनच करावा. आणि डावा पाय पुढच्या उड्डाणाआधी बदलावा.

"उजव्याला हात लावू नका," ते म्हणाले. "आज आपण चौघं त्याच्या जिवावर इथे उभे आहोत. तो सोन्यासारखा पाय आहे."

मॅडमनी होकार दिला. शाल्मलीनेही दिला. फक्त तिने एक परवानगी मागितली, की उद्या सकाळी, काही काढायच्या किंवा बसवायच्या आधी, तिला दोन्ही पाय मोजायचे आहेत. केंकरे म्हणाले, मोजा, मोजण्याला कुणाची ना आहे.

सकाळी टिटवी शेडमध्ये चार टेकूंवर उचलून घेतली. दारं बंद केली, म्हणजे वारा नको. दोन्ही पाय गार केले, मिटले, आणि जाळी चालू करून एकशे वीस अंशांपर्यंत तापवले. पाय उघडून स्थिर झाल्यावर शाल्मलीने कोनमापक लावला. प्रत्येक पाय तिने तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडे तेच आले.

डावा पाय: एकशे बारा अंश. काल एकटाच सगळं विमान पेलत धावलेला उजवा पाय: एकशे तीन.